भंगारातला सोलर पुन्हा गच्चीवर

सोलापुरात जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहायला लागली, तसे गच्चीवरचे जुने सोलर वॉटर हीटर भंगारात यायला लागले. होटगी रोड असो, विजापूर रोड असो की जुळे सोलापूर, पाडकाम चालू असलेल्या जागेवर कंपाउंडला टेकवलेलं एखादं काळं, काचेचं पॅनल हमखास दिसतं. दोन दिवसांनी ते तिथं नसतं. काच फोडून, पेटी उचकटून आतलं तांबं काढून नेलेलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातली बरीच पॅनल्स अजून कितीतरी वर्षं पाणी तापवू शकली असती. आपल्या बोअरच्या जड पाण्यानं नळ्या आतून बुजल्या, पाणी गरम होईना, म्हणून मालकानं ती मोडीत काढलेली असतात.

कधी सोलर उघडून पाहिलेला नाही, पण पाना-पक्कड हातात धरता येते, अशा माणसासाठी हे लिहितोय. वीज तयार करणारी निळी-काळी पॅनल्स हा वेगळा विषय, त्यांचा इथं संबंध नाही. इथं फक्त आंघोळीचं पाणी तापवणारा सोलर.

आधी हिशेब. शंभर लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4 युनिट वीज लागते. दोन चौरस मीटरचं एक चांगलं पॅनल हेच काम सोलापूरच्या स्वच्छ उन्हात दिवसभरात करतं. चार माणसांच्या घराला एक पॅनल आणि शंभर लिटरची टाकी पुरते, बादलीनं आंघोळ करणाऱ्या घराला तर आरामात.

कोणता सोलर वाचवावा

दोन प्रकार भेटतील. एक चपट्या पेटीचा: वर काच, आत तांब्याच्या नळ्या आणि काळे पत्रे. दुसरा काचेच्या लांब नळ्यांचा, टाकीला खालून नळ्या खोचलेला.

नवख्यानं पहिला प्रकार घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. तांब्याची नळी साफ करता येते, गळली तर जोडता येते, दाब देऊन तपासता येते. काचेच्या नळीत बिघाड झाला की नळी बदलणं एवढंच हातात उरतं. तरी नळ्यांचा सोलर फुकटात मिळत असेल तर प्रत्येक नळीचं बंद टोक बघा. तिथं आरशासारखी चंदेरी झाक असेल तर नळी जिवंत आहे. ती झाक पांढरी, दुधाळ झाली असेल तर आतली निर्वात पोकळी गेलेली आहे, ती नळी पाणी नीट तापवणार नाही. नवीन नळ्या सुट्या मिळतात, पण जुनीची लांबी आणि जाडी मोजून न्या. 47 मिलिमीटर आणि 58 मिलिमीटर अशा दोन जाड्या सर्रास येतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

आता चपटं पॅनल विकत घेताना काय बघायचं ते. पेटीवर आयएसआयची खूण आणि आयएस 12933 हा क्रमांक असेल तर माल प्रमाणित आहे. अशा पॅनलमध्ये खाली-वर एकेक जाड आडवी नळी असते, तिला हेडर म्हणतात, आणि दोन्हींना जोडणाऱ्या बहुधा नऊ बारीक उभ्या नळ्या, त्यांना रायझर म्हणतात. प्रत्येक रायझरला काळा पत्रा चिकटवलेला असतो, तो फिन. खिशात लोहचुंबक ठेवा आणि हेडरच्या उघड्या टोकाला लावून बघा. चिकटला तर नळी लोखंडी आहे, सोडून द्या. फिन तांब्याचा की ॲल्युमिनियमचा हे कोपऱ्यात टोचणीनं किंचित खरवडलं की रंगावरून कळतं. दोन्ही चालतात, मात्र पूर्ण तांब्याचं पॅनल जास्त टिकतं.

मग मोबाइलची टॉर्च हेडरच्या तोंडात धरा. आत पांढरा, खडबडीत थर दिसला तर घाबरू नका, तो निघतो. हेडरच्या सांध्यांवर हिरवट कळंक चढलेला असेल तर तिथं पाणी झिरपत होतं, एवढं लक्षात ठेवा. तोही दुरुस्त होतो. पेटी वाकलेली, नळी चेपलेली, किंवा फिन रायझरपासून सुटून लोंबत असेल तर मात्र नको. फिन सुटला की पत्रा तापतो आणि पाणी थंडच राहतं, आणि तो जोड घरी पुन्हा करता येत नाही. काचेतून हात पोचत नाही, तेव्हा पॅनल उभं धरून हलक्या हातानं हलवा. आत पत्रा खडखडला तर संशय घ्या.

भंगारवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालवायचंय का तोडायचंय?" खरं सांगावं. त्याचा भाव तांब्याच्या वजनावर ठरतो आणि पूर्ण तांब्याच्या दोन चौरस मीटरच्या पॅनलमध्ये ठोकळ हिशेबानं सहा ते आठ किलो तांबं निघतं. त्या दिवसाचा तांब्याचा भाव विचारून गुणाकार करा, म्हणजे किती द्यायचं याचा अंदाज येईल. त्याला काच फोडायची, पेटी उचकटायची मेहनत वाचते, तेव्हा "मामा, तोडू नका, आहे तसंच द्या" म्हटलं की बहुतेक जण कबूल होतात. त्याहून बरं म्हणजे घरमालकाकडून थेट घेणं. कुणाकडूनही घ्या, पण नाव, तारीख आणि सही असलेली पावती घ्याच. गच्चीवरून तांब्याच्या वस्तू चोरीला जातात आणि चोरीचा माल नकळतही आपल्या घरी येऊ नये.

उतरवणं

बसवलेला सोलर स्वतः काढायचा असेल तर पहाटे जा. उन्हात पाणी भरलेलं पॅनल उघडणं धोक्याचं आहे. दुपारी युनियन (दोन पाइप जोडणारा, खोलता येणारा नट) सैल केलं की उकळतं पाणी आणि वाफ अंगावर येते. आदल्या संध्याकाळीच पॅनलवर जुनी जाड चादर टाकून बांधा आणि सकाळी उतरवून होईपर्यंत ती काढू नका. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, टाकीतलं आणि पॅनलमधलं पाणी खालच्या तोंडातून सोडून द्या. टाकीत विजेचा हीटर असेल तर त्याची वायर इलेक्ट्रिशियनकडूनच सोडवून घ्या.

जुनी युनियन गंजून बसलेली असतात. एकच पाना लावून जोर दिला तर तांब्याचा हेडर पिळवटतो आणि सांधा तडकतो. दोन पाने लावा, एकानं हेडरकडची बाजू घट्ट धरा, दुसरा फिरवा. तरी हललं नाही तर पाइप करवतीनं कापा. पाइप स्वस्त आहे, हेडर नाही.

एक पॅनल साधारण पस्तीस-चाळीस किलोचं असतं. दोघांनी उचलायचं, काच उभी ठेवून न्यायचं, रिक्षात आडवं टाकायचं नाही.

उघडणं आणि तपासणं

सावलीत दोन बाकांवर पॅनल ठेवा. काचेवरची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बसवलेली असते. रिव्हेट ड्रिलनं उडवा. काच टफन्ड असते, म्हणजे भाजून कडक केलेली. ती कापता येत नाही आणि कडेला ठोकर बसली की क्षणात तिचा चुरा होतो. काढल्याबरोबर गोधडीवर भिंतीला उभी टेकवा, कडा फरशीला लागू देऊ नका.

पेटीच्या तळाशी रॉकवूल असतं, म्हणजे उष्णता रोखणारा, दगडाच्या तंतूंचा कापसासारखा थर. त्याचे तंतू त्वचेला खाज आणतात आणि श्वासातून आत जातात. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. भिजून गोळा झालेलं रॉकवूल परत वापरू नका. कोरडं, फुगलेलं असेल तर नीट गुंडाळून ठेवा.

आता कोणत्या नळ्या बुजल्या आहेत ते शोधायचं. रायझर हेडरला काटकोनात मिळतात, त्यामुळे बाहेरून तार घालून ते मोकळे करता येत नाहीत. पण कुठला बंद आहे हे हातानं कळतं. पॅनल थोडं तिरकं करा, खालच्या हेडरमध्ये नरसाळ्यानं आणि पाइपनं गरम पाणी सोडा, वरचा हेडर उघडा ठेवा. मग तळहात एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सगळ्या रायझरवरून फिरवत जा. मोकळी नळी लगेच गरम लागते. अर्धवट बुजलेली उशिरा तापते. पूर्ण बंद असलेली थंड राहते आणि दोन गरम नळ्यांच्या मधला तो थंड पट्टा बोटाला स्पष्ट जाणवतो. खडूनं त्या नळ्यांवर खूण करा. साफसफाईनंतर हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

क्षार काढणं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, इथं घाई करू नका.

आपल्याकडे बोअर काळ्या खडकातून येतं. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, पाणी तापलं की ते पांढऱ्या थराच्या रूपात नळीला चिकटतं. पाणी जितकं जास्त तापतं तितका थर लवकर बसतो. म्हणजे ज्या सोलापुरी उन्हामुळे सोलर इतका चांगला चालतो, त्याच उन्हानं तो लवकर बुजतोही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची (पाण्याच्या जडपणाची) इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा 600 आहे. तुमच्या बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे, दोन्ही वेगळी मापं आहेत.

थर काढायला सल्फॅमिक ॲसिड वापरा. ही पांढरी पूड केमिकलच्या दुकानात किलोवर मिळते. सायट्रिक ॲसिडही चालतं, त्याला वेळ जास्त लागतो. संडास-फरशी साफ करायचं पिवळं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक; ते वापरायचा सल्ला पुष्कळ जण देतील. ऐकू नका. पितळी जोड ते खातं, ॲल्युमिनियमवर सांडलं तर पत्र्याला भोकं पाडतं, आणि स्टेनलेसच्या टाकीला त्यातल्या क्लोराइडमुळे सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, जी महिन्यांनी गळायला लागतात.

सामान असं: वीस-पंचवीस लिटरची प्लॅस्टिकची बादली, कूलरची छोटी मोटर, पारदर्शक पाइप, क्लॅम्प, रबरी बुचं, डोळ्यांवर चष्मा, रबरी हातमोजे, आणि शेजारी एक बादली साधं पाणी व खाण्याचा सोडा.

पॅनल किंचित तिरकं ठेवा, डोकं फार उंच नको, कारण कूलरच्या मोटरची ताकद मीटर-दीड मीटर पाणी चढवण्याइतकीच असते. खालच्या हेडरचं एक टोक बुचानं बंद करा, दुसऱ्याला मोटरचा पाइप जोडा. वरच्या हेडरचं तिरप्या कोपऱ्यातलं टोक उघडं ठेवून तिथून पाइप परत बादलीत सोडा. चौथं टोक बंद. आधी साधं पाणी फिरवून गळती कुठं नाही ना ते बघा. मग 20 लिटर पाण्यात 1 किलो पूड ढवळून विरघळवा. पाण्यात पूड टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही. बादलीत हात घालण्याआधी दर वेळी मोटरचा प्लग काढा.

मोटर सुरू केल्यावर थोड्या वेळात परतीच्या पाइपातून बुडबुडे यायला लागतात. सुरुवातीला बारीक, मग पाइपभर फेस, आणि पाणी ताकासारखं पांढुरकं होतं. पॅनलला कान लावला तर आत सतत सरसर ऐकू येते. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्याला बाहेर पडायला वाट हवीच. परतीचा पाइप चुकूनही बंद करू नका, दाब साचून बुच उडेल आणि ॲसिड तोंडावर येईल. मधूनमधून पांढऱ्या खपल्या वाहत येतात. त्या मोटरच्या तोंडात अडकू नयेत म्हणून परतीच्या पाइपाला जुन्या मलमलीचा तुकडा बांधा आणि फुगला की झटका.

बुडबुडे थांबले म्हणजे क्षार संपला की ॲसिड संपलं? हे ओळखायला शहाबादी फरशीचा एखादा टवका हाताशी ठेवा. ती फरशी चुनखडकाची असते. बादलीतलं थोडं पाणी त्यावर टाका. फसफसलं तर ॲसिडमध्ये अजून जोर आहे, म्हणजे नळीतला क्षार निघाला. निवांत राहिलं तर ॲसिड दमलंय, नवीन करा. याच कारणानं हे काम शहाबादी बसवलेल्या गच्चीवर करू नका, जिथं थेंब पडेल तिथं फरशीची चमक कायमची जाईल.

पाण्याला निळसर-हिरवट रंग यायला लागला तर थांबा. क्षार संपून आता तांबं विरघळायला लागलंय.

शेवटी बादलीत खाण्याचा सोडा चिमटीचिमटीनं टाका, फेस येणं बंद होईपर्यंत. मग तेच पाणी थोडा वेळ पॅनलमधून फिरवा, आणि नंतर साधं पाणी, स्वच्छ येईपर्यंत. हे पाणी झाडांना घालायचं नाही, त्यात तांबं असतं. भरपूर पाणी मिसळून गटारात सोडा. आणि त्या भागात ब्लीचिंग पावडर किंवा तसलं काही असता कामा नये, ॲसिडात ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आता पुन्हा गरम पाण्याची तपासणी. खडूच्या खुणा केलेल्या नळ्या गरम लागल्या तर काम फत्ते. एखादी अजून थंड असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा करा. पूर्ण बुजलेल्या नळीत ॲसिड दोन्ही टोकांकडूनच शिरतं, तिला वेळ लागतो.

गळती

क्षार निघाल्यावरच खरी गळती दिसते, कारण कधी कधी त्या थरानंच भोक बुजवलेलं असतं. प्लंबरकडे हातानं चालवायचा टेस्ट पंप असतो. पॅनल पाण्यानं काठोकाठ भरा, हवा पूर्ण घालवा, आणि 3 किलोचा (म्हणजे चौरस सेंटीमीटरला 3 किलो) दाब द्या. घराच्या गच्चीवर दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब 1 किलो भरतो, तेव्हा 3 किलो ही चोख परीक्षा आहे. अर्धा तास काटा जागचा हलता कामा नये. हे सावलीतच करा, उन्हात पाणी फुगून काटा आपोआप वर जातो आणि बारीक गळती लपते.

सांधा झिरपत असेल तर फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. तांब्याचं ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीवर धातूची कांडी वितळवून सांधा भरणं, हे त्याचं रोजचं काम आहे. साधं शिशाचं सोल्डर करू देऊ नका. रिकामं पॅनल मे महिन्याच्या उन्हात दीडशे अंशांच्या पुढं जाऊ शकतं, तिथं सोल्डरचा भरवसा नाही, शिवाय शिसं पाण्यात उतरतं. रायझरला मधेच भोक असेल आणि जोड घालणं अवघड असेल तर तो एक रायझर खाली-वर कापून दोन्ही टोकं ब्रेझ करून बंद करतात. नवातला एक गेला, बाकीचे आठ काम करतील.

काळा थर, रॉकवूल, काच

फिनवरचा काळा थर साध्या रंगाचा नसतो. तो ऊन शोषून घेतो पण तापल्यावर उष्णता बाहेर फेकत नाही, अशा खास मुलाम्याचा असतो. तो शाबूत असेल तर ओल्या मऊ फडक्यानं हलकेच धूळ टिपा आणि त्याला हात लावू नका. "जरा काळा रंग मारून चकाचक करू" हा मोह आवरा, साधा रंग दिला की पॅनल आधीपेक्षा कमी तापेल. जिथं मुलामा सोलून तांबं उघडं पडलंय तेवढ्याच जागी सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा, न चमकणारा काळा रंग पातळ द्या आणि काच न बसवता तीन-चार दिवस उन्हात भाजू द्या. नाहीतर रंगाची वाफ काचेला आतून चिकटते आणि काच कायमची धुरकट होते.

रॉकवूल नवीन घ्यायचं तर तळाला 50 मिलिमीटर, बाजूंना 25 मिलिमीटर, वरच्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइल. थर्माकोल स्वस्त म्हणून घालू नका, तो या उष्णतेत वितळून आक्रसतो.

काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरनं किंवा पातळ सायट्रिक ॲसिडनं जातात. काच फुटलेली असेल तर 4 मिलिमीटरची टफन्ड काच मापानं बनवून घ्यावी लागते. कडेचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं, ते दर वेळी नवीन घ्या. पावसाचं पाणी आत शिरतं ते याच रबरातून, आणि रॉकवूल भिजलं की केलेली सगळी मेहनत वाया.

टाकी

जुनी टाकी बहुधा आतून स्टेनलेसची असते. बाहेरच्या पत्र्याखाली पफचा (उष्णता रोखणाऱ्या फोमचा) जाड थर. टाकी पाण्यानं भरून रात्रभर ठेवा. पत्र्याच्या सांध्यातून कुठेही थेंब आला तर आतली टाकी गेलेली आहे, आणि पफ फोडून वेल्डिंग करत बसण्यापेक्षा नवीन टाकी घेणं बरं. कोरडी राहिली तर हीटरचं झाकण उघडून आतला गाळ काढा. खालची वाटीभर वाटणारी पांढरी रेती कधी कधी घमेलंभर निघते. आत मॅग्नेशियमचा दांडा असेल तर तो झिजण्यासाठीच असतो. बोटाएवढा बारीक झाला असेल तर बदला. जुना हीटर आणि थर्मोस्टॅट परत बसवू नका. नवीन बसवून घ्या, अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच यांसह. ओल्या न्हाणीघरापर्यंत पोचणारी ही वीज आहे, इथं काटकसर नको.

बसवणं

तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात भर दुपारी उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तरेकडे पडते, तिच्या उलट दिशा ती दक्षिण. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत ही युक्ती करू नका, त्या काळात सोलापुरात सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो.

उतार तीस अंशांचा ठेवा. सोलापूर साधारण साडेसतरा-अठरा अक्षांशावर येतं, आणि गरम पाण्याची खरी गरज दिवाळी ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेदरम्यान, जेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून अक्षांशापेक्षा दहा-बारा अंश जास्त. कोनमापक शोधायला नको. दोन मीटर लांबीच्या पॅनलचं डोकं पायापेक्षा एक मीटर उंच ठेवलं की बरोबर तीस अंश होतात.

पंपाशिवाय पाणी फिरतं ते गरम पाणी हलकं होऊन वर चढतं म्हणून. त्यासाठी टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या कडेपेक्षा किमान एक फूट उंच हवा. टाकी खाली राहिली तर रात्री उलटा प्रवाह सुरू होतो आणि दिवसभर तापलेलं पाणी पॅनलमधून निवतं. थंड पाणी पुरवणाऱ्या टाकीचा तळ या गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर. शिवाय गरम टाकीच्या माथ्यावरून एक उघडा पाइप थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यायचा, हवा आणि वाफ बाहेर पडायला. त्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह, बुच काहीही नको. गच्चीवर एवढी उंची मिळत नाही म्हणूनच अनेकांची गाडी अडते, तेव्हा पॅनल विकत घेण्याआधी टेप घेऊन हे माप घ्या.

टाकीच्या तळातून पाइप पॅनलच्या खालच्या कोपऱ्यात, आणि तिरप्या वरच्या कोपऱ्यातून टाकीच्या वरच्या भागात. हा पाइप पूर्ण वाटेत चढता हवा, मधे कुठं घोड्यासारखी पाठ आली की तिथं हवा अडकते आणि फिरणं बंद. हे दोन पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा तांब्याचे घ्या, मधल्या जोडांना पितळी युनियन. पीव्हीसी मऊ पडतो. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप) न्हाणीघराकडे जाणाऱ्या लाइनीला चालतो, पॅनल ते टाकी या टप्प्यात नको. गरम पाइपावर फोमचं आवरण चढवा आणि वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा, नाहीतर ऊन ते आवरण दोन वर्षांत खाऊन टाकतं.

स्टँड आणि वजनाचं नीट बघा. भरलेली शंभर लिटरची टाकी, तिचं स्वतःचं वजन, पॅनल आणि स्टँड मिळून दोनशे किलोच्या घरात जातं. आरसीसी स्लॅबवरही पाय बीमवर किंवा भिंतीवर येऊ द्या. जुन्या माळवदावर किंवा पत्र्यावर थेट ठेवू नका. तिथं बाजूच्या भिंतींवरून लोखंडी चौकट उचलून घ्यावी लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, माप घेऊन गेलात तर करून देतात. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यानं पॅनल पतंगासारखं उचललं जातं, म्हणून पाय बोल्टनं पक्के करायचेच.

पाणी भरणं आणि पहिला दिवस

पॅनलवर चादर टाकून सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी भरा. तापलेल्या रिकाम्या पॅनलमध्ये गार पाणी सोडू नका. काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर नळ्या तडातड फुटतात. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, वरची टाकी दुपारीच आटते आणि मग अचानक मोटर सुरू होते, तेव्हा नेमकं हेच घडतं. त्यावर उपाय एकच: सोलरसाठी थंड पाण्याची छोटी वेगळी टाकी ठेवा, घरच्या वापराचा नळ तिला जोडू नका.

चादर काढल्यावर स्वच्छ उन्हात तासाभरानं दोन्ही पाइपांना हात लावा. वरचा चटका देणारा, खालचा कोमट, म्हणजे पाणी फिरतंय. वरचा पाइप आणि पॅनल तापलंय पण टाकी थंड, तर हवा अडकलीय. वरच्या कोपऱ्यातलं युनियन किंचित सैल करून हवा जाऊ द्या, पण आधी चादर टाकून पॅनल थंड होऊ द्या. पहिल्या दिवसाचं गरम पाणी वापरू नका, सगळं सोडून द्या. नंतरही हे पाणी पिण्या-स्वयंपाकाला घेऊ नये. संध्याकाळी पाच वाजता नळाखाली थर्मामीटर धरा. हिवाळ्यात पंचावन्न-साठ अंश आले तर पॅनल नव्यासारखं चालतंय. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम सगळ्यांना सांगून ठेवा.

आता पुढची वर्षं टिकवायचं तर सोलरला महापालिकेचं पाणी द्या, बोअरचं नको. बोअरशिवाय इलाज नसेल तर पाणी मऊ करणारं यंत्र लावा किंवा हीट एक्स्चेंजरची टाकी घ्या, जिच्यात पॅनलमधलं पाणी तेच तेच फिरतं आणि आंघोळीचं वेगळं राहतं. उन्हाळ्यात गरम पाण्याचा वापर नसतो तेव्हा पॅनल अर्धं झाकून ठेवा. पाणी कमी तापलं की क्षारही कमी बसतो. महिन्यातून एकदा खालच्या तोंडातून बादलीभर पाणी जोरात सोडा, तळाचा गाळ निघतो. काच आठवड्यातून एकदा पहाटे पुसा, आपल्याकडच्या धुळीत एवढं करावंच लागतं. आणि दर दिवाळीआधी खडू घेऊन तीच गरम पाण्याची तपासणी काच न काढताही करता येते: सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्ध्या तासानं काचेतून बघा, ज्या पट्ट्यावरचं दव किंवा ओलावा आधी उडतो तिथलं पाणी फिरत नाहीये, तो फिन नुसता तापतोय. असे दोन-तीन पट्टे दिसले की कूलरची मोटर आणि बादली पुन्हा काढा.